मधली दोनशे पावलं

नुहाद : गाडी थांबवा.

हायल : इथं? उतारावर? पुढं चहाची टपरी आहे, तिथं थांबू. दोन घोट पाणी पी.

नुहाद : पाणी नको मला. मागं बघायचंय.

हायल : आता काही दिसायचं नाही, उम्म यामन. फाटक त्या टेकाडाआड गेलं.

नुहाद : न दिसू दे. थांबवा म्हटलं ना.

हायल : बरं बाई. हा थांबलो.

नुहाद : बसली असेल का हो अजून त्या खुर्चीवर?

हायल : नेलं असेल तिला तुझ्या भावानं, शफीकनं. एवढ्या उन्हात म्हाताऱ्या जिवाला कशाला बसवून ठेवेल?

नुहाद : पांढरी ओढणी तेवढी दिसली. तोंड काही दिसलं नाही. दोनशे पावलं असतील नसतील मधे. एकोणतीस वर्षं आपल्या गच्चीवरून कुंपणापलीकडचं माझं माहेर, हदर, बघतेय मी. कुठलं धुराडं कुणाच्या घरचं ते झोपेत सांगेन. आणि आज सख्खी आई समोर बसलेली, तर मी पाठ फिरवून आले.

हायल : तू कुठं फिरवलीस? वेळच तशी आली.

नुहाद : वेळ नाही चालत आली गाडीपर्यंत. मी आले. तो कॅप्टन काय म्हणाला ते पुन्हा सांगा. त्याचं इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळलं.

हायल : किती वेळा सांगू?

नुहाद : मला कळेपर्यंत.

हायल : म्हणाला, आमच्या देशानं पलटण परत बोलावलीय. सामान बांधून झालंय. शांतिसेनेच्या या मिशनची मुदत वाढवायची की नाही, त्यावर आज न्यूयॉर्कला बैठक आहे. वाढली तर दुसरे कुणी शिपाई येतील. नाही वाढली तर फाटकाला कुलूप. तुमच्या बाईंना आज मी सोडतो, कागद बरोबर आहेत. पण पंधरा दिवसांनी त्या परत येतील तेव्हा फाटक उघडायला इथं कुणी असेल का, हे वचन मी देऊ शकत नाही. एवढंच. भला पोरगा होता, खोटं बोलला नाही.

नुहाद : तो नाही बोलला. मी मग तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, 'अबू यामन, होईल ना मुदतवाढ?' चोवीस वर्षं त्यांच्या छावणीत गाड्या दुरुस्त केल्यात तुम्ही. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?

हायल : हं.

नुहाद : हेच. तिथंही 'हं'च म्हणालात.

हायल : काय सांगणार होतो? पलीकडं लढाई पेटलीय. फाटकाच्या भिंतीला गोळ्यांची भोकं बघितलीस ना?

नुहाद : बघितली. तरी निघाले होते.

हायल : निघाली होतीस.

नुहाद : वीसेक पावलं गेलेसुद्धा. आईसाठीची चेरीची पेटी त्या कॅप्टननं स्वतः उचलली, पुढं चालू लागला. आणि मागून तुम्ही हाक मारलीत.

हायल : मारली.

नुहाद : 'नुहाद!'

हायल : आलं तोंडात.

नुहाद : कसं आलं? लग्न झाल्यावर वर्षभर 'अगं', यामन झाल्यावर 'उम्म यामन', यामनची आई. माझं नाव पलीकडच्याच माणसांना ठाऊक. आईला आणि शफीकला. मला तर आधी वाटलं, त्यांच्यापैकीच कुणी ओरडलं. मग कळलं, तुम्ही. म्हटलं, या माणसानं जन्मात नाव घेतलं नाही माझं, आज घेतोय, म्हणजे आतून कोसळला असणार. मग कसली जातेय मी!

हायल : मी गोळ्यांसाठी हाक मारली होती.

नुहाद : कसल्या गोळ्या?

हायल : तुझ्या रक्तदाबाच्या. डबी राहिली होती माझ्याकडं.

नुहाद : अहो, मी परत आले, तुमचा हात धरला, म्हटलं, 'नाही जात.' तेव्हा तोंड उघडायचं होतं. 'अगं बाई, गोळ्या घे आणि चालू लाग.'

हायल : उघडायला हवं होतं.

नुहाद : कुठं होती डबी?

हायल : खिशात.

नुहाद : कधीपासून?

हायल : घरातून निघाल्यापासून.

नुहाद : सकाळपासून?

हायल : तुला द्यायलाच उचलली होती टेबलावरून. मग म्हटलं, गाडीत देऊ. मग म्हटलं, फाटकाशी देऊ. दिली असती तर तुझ्याकडं सगळं झालं असतं. मागं वळायला काही उरलंच नसतं. शिव्या दे मला.

नुहाद : फोन वाजतोय. शफीक आहे.

हायल : घे.

नुहाद : हॅलो, शफीक?

शफीक : अडवलं का तुला? फक्त एवढं सांग. अडवलं का कुणी?

नुहाद : नाही रे.

शफीक : नाही? मग काय झालं? चाललेली दिसलीस आम्हाला! आई उठून उभी राहिली होती, तुला माहितंय? काठीशिवाय!

नुहाद : परतीचं नक्की नाही म्हणाले. फाटक बंद झालं तर...

शफीक : परतीचं! आम्ही इकडं परतीचं बघून घराबाहेर पडतो का? चार नाकी ओलांडून आणलं मी तिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून. दोन ठिकाणी छातीला बंदूक लावली. 'कुठं चाललास रे?' तर हा शहाणा सांगतोय, 'बहीण यायचीय आमची.' आणि बहीण आली, हात हलवला आणि गेली!

नुहाद : शफीक, ऐक तर...

शफीक : आणि अडकली असतीस तर अडकली असतीस! जन्मलीस ते घर पडलं नाहीये अजून.

नुहाद : आई काय म्हणते?

शफीक : काय म्हणेल? पेटी मांडीवर घेऊन बसलीय. चेरी आल्या, लेक नाही आली.

नुहाद : दे तिच्याकडं फोन.

शफीक : नाही देत.

नुहाद : तुझ्या पाया पडते.

शफीक : दिवस मावळायच्या आत मला नाकी गाठायचीत. जा घरी, नुहाद. आणि यापुढं फोन करू नकोस मला.

नुहाद : शफीक... ठेवला.

हायल : राग आहे. उतरेल.

नुहाद : तुम्ही बोलू नका. रेडिओ लावा. बातम्यांची वेळ झाली.

हायल : कशाला आता?

नुहाद : लावा.

हायल : खरखर येतेय नुसती. थांब... हां.

नुहाद : काय म्हणाले?

हायल : झाली.

नुहाद : मुदतवाढ?

हायल : सहा महिने. एकमतानं. नवी पलटण याच आठवड्यात येतेय म्हणे.

नुहाद : म्हणजे पंधरा दिवसांनी फाटक उघडायला माणूस असणार होता.

हायल : असणार होता.

नुहाद : तुम्हाला ठाऊक होतं. माझ्याकडं बघा. ठाऊक होतं ना?

हायल : छावणीत चोवीस वर्षं काढली मी. जून आला की साहेब म्हणायचे, यंदा कठीण दिसतंय. डिसेंबर आला की पुन्हा तेच. आणि दर खेपेला मुदत वाढायची. आमच्या नोकऱ्याही त्याच मुदतीवर चालायच्या. आपलं घर तसंच बांधलं की. दर आठेक मुदतींमागं एक खोली. मुदत एकदाही चुकली नाही.

नुहाद : मग मी विचारलं तेव्हा का नाही म्हणालात, 'होईल'?

हायल : तू गेली असतीस.

नुहाद : हो, गेले असते!

हायल : मला कुलपाची भीती नव्हती. फाटक उघडं राहील, तो शिपाई यादी घेऊन उभा राहील, आणि तू येणार नाहीस, ही होती. आईच्या उशाशी बसशील. आजचं उद्या होईल. एक फोटो बघून तू सगळं गणगोत सोडून आलीस माझ्याकडं. काय दिलं मी तुला? दारातला बर्फ आणि सफरचंदाची तोडणी.

नुहाद : दोनदा नाव लागलं होतं माझं, पलीकडं जाणाऱ्यांच्या यादीत. पहिल्यांदा यारा पोटात होती. दुसऱ्यांदा तोडणी तोंडावर आलेली. तुम्ही म्हणालात, 'पुढच्या मुदतीत जा, मिशन कुठं पळून चाललंय?' मीही म्हटलं, बरं. तेव्हा विश्वास होता ना मुदतवाढीवर? मग आजच कसा उडाला? मला विचारायचं तरी होतं. 'बाई, येशील ना परत?' एवढं विचारायला काय झालं होतं?

हायल : विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?

नुहाद : माहीत नाही. तिथं जाऊन कळलं असतं मला.

हायल : उद्याच्या उद्या पुन्हा अर्ज करू. मी स्वतः रेड क्रॉसच्या बाईंकडं जातो.

नुहाद : जा. गाडी काढा आता.

(डिसेंबर. मजदल शम्समधलं त्यांचं घर, भर दुपार. बाहेर बर्फ साचलाय. फोन हायल उचलतो.)

शफीक : अबू यामन? मी शफीक बोलतोय. हदरहून.

हायल : शफीक! अरे, थांब, तिला बोलावतो.

शफीक : तिला नको. तुमच्याशीच काम आहे. रेडिओवर म्हणाले, मिशनची मुदत वाढली.

हायल : वाढली. आणखी सहा महिने.

शफीक : मग आमच्या डोक्यावरच्या चौकीत माणूस का नाही? झेंडा फडकतोय, आत कुणी नाही. निळ्या टोप्या दिसल्या की तोफ डागणारा निदान एकदा विचार करतो. परवा खालच्या वाडीत दोन गोळे पडले. तुमच्या ओळखी आहेत त्यांच्यात. विचारा ना कुणाला, कधी येणार ते.

हायल : विचारतो. आजच विचारतो. पण खरं सांगू का? कागदावर मुदत वाढते रे. चौकीत माणूस बसवायचा तर तिथवरचा रस्ता मोकळा लागतो.

शफीक : म्हणजे नाही येणार?

हायल : मला माहीत नाही. या खेपेला खरंच माहीत नाही. फाटकही जुलैपासून उघडलेलं नाही. तीन अर्ज दिले आम्ही. तिन्ही तसेच पडलेत.

शफीक : कुणासाठी दिलेत आता?

हायल : शेवटचा सप्टेंबरात दिला होता. आई होती तेव्हा.

शफीक : हं.

हायल : ती गेली तेव्हा तुझा फोन येईल असं वाटलं होतं.

शफीक : गावाच्या भोंग्यावरून पुकारलं की. वारा तुमच्याकडं होता. म्हटलं, ऐकू जाईल.

हायल : गेलं. तुझी बहीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वर पोचलो तर एक ओली चादर तशीच हातात धरून उभी. संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. मग सगळं गाव भेटायला आलं, तीन दिवस. तुझी जागा मोकळी ठेवायला लावली तिनं, माझ्या शेजारी.

शफीक : मला नव्हतं ठाऊक.

नुहाद : कोण आहे हो? कुणाशी बोलताय? ... द्या इकडं. शफीक?

शफीक : बोलतोय.

नुहाद : ठेवू नकोस. मी काही मागत नाही तुझ्याकडं.

शफीक : नाही ठेवत.

नुहाद : पोरं बरी आहेत?

शफीक : आहेत. थंडी आहे. डिझेल मिळत नाही, लाकडं जाळतोय. जुना तुतीचा बुंधा तोडला.

नुहाद : तोडायचाच होता तो कधीतरी. गेली कशी रे?

शफीक : सकाळी. मत्तेह प्यायला मागितलं. मी पाणी तापवून आणलं तोवर गेलेली. त्रास नाही झाला.

नुहाद : रागावली होती माझ्यावर? खरं सांग. तुला लहानपणापासून खोटं जमत नाही.

शफीक : मी रागावलो होतो. अजून आहे.

नुहाद : तू राहा. तिचं सांग.

शफीक : त्या दिवशी परतताना वाटेत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, ही घरापर्यंत पोचत नाही. पोचलो तर दारात बायकांची ही गर्दी. 'काय उम्म शफीक, भेटली का लेक?' मला काही ऐकवेना, मी ट्रॉली सोडवायच्या निमित्तानं बाजूला झालो.

नुहाद : मग?

शफीक : 'भेटली' म्हणाली.

नुहाद : काय?

शफीक : 'भेटली. किती वेळ बसलो दोघी.' चेरी वाटल्या सगळ्यांना. नुहाद जाड झालीय म्हणे, केस पिकलेत, पण हसणं तेच आहे. यामनसाठी मुलगी बघतायत. घर सहा खोल्यांचं आहे. कुठून काढत होती देव जाणे. फोनवर कधी ऐकलेलं असेल, काही मनाचं असेल.

नुहाद : आणि तू?

शफीक : मी कशाला खोटं पाडू? नंतर रोज नवं काही निघायचं. 'नुहाद असं म्हणाली, नुहाद तसं म्हणाली.' शेवटी शेवटी तर मलाच वाटायला लागलं, त्या वेळी मी पाणी आणायला वगैरे गेलो होतो की काय.

नुहाद : एवढा वेळ बसलो म्हणते, मग मी घरी का आले नाही, ते नाही विचारलं कुणी?

शफीक : विचारलं ना. शेजारची उम्म वसीम सोडते होय?

नुहाद : काय सांगितलं तिला?

शफीक : म्हणाली, 'तिचा पायच निघत नव्हता. मीच म्हटलं, जा बाई, नवरा उन्हात उभा आहे.'