घराचं नाव नि सुभेदाराची मान

...नाय, पन मी म्हनते, वाटेनं सरळ चाललेल्या मानसाला दंडाला धरून घरात आनायची काय गरज असते? जाऊ द्यावं त्याला त्याच्या वाटेनं. पन नाय. तुमाला सांगते बायांनो, आमच्या शकूच्या बापसाला पोशीरच्या वाटेवर मानूस दिसला की राहवतच नाय. नेरळच्या बाजाराला निघालेला दिसला तरी हाक, बाजारातनं परत येनारा दिसला तरी हाक. 'अरं, दारावरनं असाच जातोस व्हय? चल, जेवून जा.' म्हनायला ह्यांचं काय जातंय? चुलीपुढं मी हाय. तिकडं कुठं लांब लढाई चाललीय नि हिकडं साखर कार्डावर, घासलेट कार्डावर, भात सरकारच्या लेव्हीत गेलं, कनगीत हात घातला की तळ लागतो, आनि हे अंगनातनं ओरडतात, 'आनंदे, पाव्हना आलाय गं.' त्या टायमाला वाटतं, मुसळ उचलावं नि... जाऊ दे. घराचं नाव राखायचं असतं. आनि घराचं नाव राखायचं तर हातात कोयता पायजे.

हसू नका. ऐका नीट. आमच्याकडं एक कोंबडा होता, सुभेदार. नाव शकूनं ठेवलेलं, कारन चालायचा छाती काढून आनि रागीट असा की कुत्र्याच्या नाकाला टोचून यायचा. तर पाव्हना ओटीवर टेकला, तांब्यातलं पानी प्यायला, की मी आतनं कोयता घेऊन जी सुटायची, पदर खोचून, केस सुटलेले, 'थांब मेल्या, आज तुझी मान उडवते का नाय बघ, घरात पाव्हना आलाय नि तू मोकळा फिरतोस?' आनि सुभेदाराच्या मागं धाव. शकू गोठ्याच्या तोंडाशी हात पसरून उभी. 'धर गं शके, तंगडी मोड त्याची.' आता ह्यात कसब काय, तर शकूनं एकच बाजू अडवायची. कुंपनाला शेजारच्या गोदूबाईच्या अंगनाकडं एक भोक होतं, ते मोकळं सोडायचं. कोयता मी असा हानायची की जमिनीची ढेकळं उडायची, पन सुभेदाराच्या शेपटीला वारासुद्धा लागायचा नाय. दुसऱ्या फेरीला पाव्हना उठून हात जोडायचाच, 'राहू द्या वैनी, राहू द्या, मुका जीव हाय.' मी म्हनायची, 'नाय नाय, तुमी काय रोज येता?' तो म्हनायचा, 'तुमाला माझी आन हाय.' मंग मी कोयता खाली आपटायची, कपाळाचा घाम पुसायची, नि वाढायची काय, तर वालाचं बिरडं नि भाकरी. बिरड्यात वाल शोधायला लागायचे. पन तुमाला सांगते, एकदा का मानसाच्या हातनं एक जीव वाचला, की त्याला बिरड्याचं कळवन पातळ लागत नाय. तृप्त होऊन जायचा बिचारा, नि वाटेत सांगत जायचा, 'धाकलूची बायको म्हंजे काय, पाव्हन्यासाठी कोंबडाच मारत होती.' घराचं नाव राखायचं तर हातात कोयता पायजे म्हनते ते हेच.

सुभेदाराला पन सगळं पाठ झालेलं. पाव्हन्यानं तांब्या खाली ठेवला की तो स्वतःच उभा राहून माझी वाट बघायचा.

तर परवाच्या माघात शकूला स्थळ आलं. पोरगा खोपोलीला वीजघरात, महिन्याच्या महिन्याला पगार, पाऊस पडो न पडो. असं स्थळ आमच्या पंचक्रोशीत कुनाला आलं नव्हतं. मला झोप लागेना हो. माझा जन्म गेला चिखलात कंबर मोडून, पोरीचा तरी जाऊ नये, एवढंच मनात. पन पोराला आईबाप नाय, सगळा शब्द मामाचा, साजगावच्या भिवाजीमामाचा. मामा म्हनाला, 'पोरगी नंतर बघू, आधी घर बघतो. पाव्हन्याला कसं वागवतात त्यावर घर कळतं.' मी म्हनलं, ये बाबा. वागवायला कोयता तयार हाय.

आला. मिशा ह्या अशा, हातात दांडकं, ओटीवर बसला नि विडी पेटवली. पानी प्यायला. तांब्या खाली ठेवला. सुभेदार उभा राहिला. मी सुटले. काय सांगू, आज जीव लावून सुटले, पोरीच्या जन्माचा प्रश्न होता. 'मुडदा बशिवला तुझा, आज तुझं रगात पाडते,' म्हनत कोयता जो हानला तो तुळशीपुढच्या दगडावर बसला, ठिनग्या उडाल्या. पयली फेरी झाली. मामा विडी ओढतोय. दुसरी फेरी झाली. मामा विडी ओढतोय. मी शकूच्या बापसाकडं बघितलं, त्यांनी वर आभाळाकडं बघितलं. तिसरी फेरी... माझ्या छातीचा भाता फुटायला आला, सुभेदार कुंपनाच्या भोकापाशी जाऊन माझ्यासाठी परत आला, आनि हा मानूस 'राहू द्या' म्हनायला तयार नाय. अरं, तुला तोंड दिलंय का नाय देवानं?

मंग तोंड उघडलं. काय म्हनाला असेल? 'वैनी, तुमी दमलात. द्या तो कोयता हिकडं.'

साजगावकडं म्हनं अशी रीत हाय की घरवाला कोंबडा पकडायला उठला की पाव्हन्यानं नको म्हनायचं नसतं, घरवाल्याचा अपमान होतो, उलट हात लावायचा असतो. ही रीत मला कुनी सांगितली होती का? कुनी नाय. मानूस धोतर खोचून अंगनात उतरला नि बायांनो, तिथनं खरा दंगा सुरू झाला.

मामानं दांडकं भिरकावलं, सुभेदार उडाला, दांडकं बसलं शकूच्या बापसाच्या नडगीवर. ते एका पायावर नाचायला लागले. सुभेदाराला आयुष्यात पयल्यांदा कळलं की ह्या वेळेला हे वेगळंच हाय, तो घरात शिरला, मामा मागं, मामाच्या मागं मी, 'मामा, राहू द्या हो, तुमी पाव्हने,' आनि मामा, 'असं कसं वैनी, तुमी एवढा जीव टाकताय.' उतरंडीची मडकी एकेक करून खाली आली. लोनच्याची बरनी फुटली, चुलीतली राख छपरापर्यंत, सुभेदारानं मामाच्या कपाळावर अशी चोच मारली की रगात भुवईवरनं गळायला लागलं, नि मामाला राग यायच्या ऐवजी जास्तच चेव आला. मामानं हानलेला कोयता कनगीत घुसला. बाहेर काढताना कनगी आडवी. जे काय चार दाने उरले होते ते शेनाच्या जमिनीवर. सुभेदार दारातनं परत अंगनात, आमी त्याच्या मागं, अन् एवढ्यात कुंपनावरनं त्या गोदूबाईचं मुंडकं वर आलं.

'काय गं आनंदे,' म्हनते, 'आज खरंच कापतेस?'

मेली. अख्ख्या गावाच्या देखत बोल, पन मामाच्या देखत? मामा थांबला. कपाळाचं रगात पुसलं. 'आज खरंच म्हंजे?' विचारतो. त्या क्षनाला माझ्या हातात कोयता असता ना, तर आज गोदूबाई तुमच्यात बसलेली दिसली नसती. पोरीचं वीजघर, पगार, सगळं त्या कुंपनावर लोंबायला लागलं. काय करनार? मीच ओरडले, 'खरंच म्हंजे काय गं गोदे, पाव्हन्यासाठी खोटं कापतात का कुठं? शके, धर त्याला!'

आनि ती गुनाची पोर, गोठ्याच्या तोंडाशी उभी, एक बाजू अडवून, भोक मोकळं सोडून... सुभेदार तिच्या पायाजवळनं सुळकन भोकाकडं गेला. मामा म्हनाला, 'पोरगी ढिली दिसते.' झालं. ढिली म्हनाला म्हंजे स्थळ गेलंच की. मी म्हनलं, 'शके, धर म्हनते ना.' ती माझ्याकडं बघून विचारते, 'खरंच धरू?' भर अंगनात. मामाच्या समोर. मी दात खाऊन म्हनलं, 'नाय धरलास तर त्याच्या जागी तुला ठेवते पाटावर.'

मंग काय बघता. पोरीनं ओचा खोचला नि भोकाच्या तोंडावर अंगच टाकलं. धुरळा, पिसं, किंकाळ्या, कोन कुनाला चावतंय कळेना. उठली तेव्हा कोपर सोललेलं, गालावर ओरखडा, आनि हातात सुभेदार, दोन्ही तंगड्यांना धरून उलटा. मामासमोर नेऊन धरला. मामा हसला नि म्हनाला, 'बास. पोरगी पसंत.'

म्हनलं, वाचलो. पोरगी पन उजवली, आता कोंबडा पन वाचवावा. म्हनलं, 'मामा, शुभ काम झालं, आज कशाला जीव घ्यायचा?' मामा म्हनतो, 'शुभ काम झालं म्हंजे तर कापलाच पायजे.'

कापला. मीच कापला. दुसऱ्या कुनाच्या हातनं बघवलं नसतं. सांगते तुमाला, घरात त्या दिवशी कांदा नव्हता, तरी रस्सा होईपर्यंत माझे डोळे गळत होते. एवढी वर्सं त्याच्या मागं धावले, दोन शिव्या दिल्याशिवाय एक दिवस गेला नाय, आनि एवढा शाना जीव, मी ओरडले की पळायचा, माझा ओरडा संपला की परत यायचा. घरात असं कोन वागतंय माझ्याशी?

आनि मटन... शिजायला नको? जन्मभर पळालेला कोंबडा तो. त्याच्या अंगात मांस नव्हतंच, नुसती दोरखंडं. चार दिवसांची लाकडं एका जेवनात गेली. मामा एकेक तुकडा हातानं धरून, पाय भिंतीला लावून ओढत होता, तरी म्हनत होता, 'झकास.' कपाळाला चुना लावलेला, लोनच्यात पाय भरलेला, आनि जाताना म्हनतो, 'धाकलूभाऊ, असं घर नाय बघितलं. पाव्हन्यासाठी घर मोडून टाकलंत तुमी.' खरं बोलला. उतरंड मोडली, कनगी मोडली, नवऱ्याची नडगी सुजली. पन घराचं नाव राहिलं. शकूची तारीख फागनातली ठरली, आनि मी म्हनलं, चला, आता चार दिवस तरी निवांत.

चार दिवस? दुसऱ्या दिवशी सकाळी हे, नडगीला हळद लावलेली, लंगडत लंगडत ओटीवर जाऊन बसले, आनि त्यांना रस्त्यानं दोन मानसं जाताना दिसली. झालं. 'आनंदे, पाव्हने आलेत गं.'

मी आतनं ऐकलं. पाव्हन्यांनी पानी प्यायल्याचं ऐकलं. तांब्या खाली ठेवल्याचं ऐकलं. हात आपसूक कोयत्याकडं गेला, तशीच अंगनात आले, आनि बघते तर अंगन मोकळं. कुनाच्या मागं धावू? पाव्हने माझ्याकडं बघतायत, कोयता वर उचललेला, खाली कसा आनायचा? घराचं नाव राखायचं... आनि समोर बघते तर हे, दात काढून बसलेले. मंग माझंच डोकं फिरलं. 'थांबा,' म्हनलं, 'आज तुमचीच मान उडवते.' हे उठले. लंगडा पाय होता म्हनून सांगते, नायतर मानूस एवढा पळतो हे मला लगीन झाल्यापासून ठाऊक नव्हतं. गोठ्याला वळसा, उकिरड्याला वळसा, नि सरळ कुंपनाच्या भोकातनं गोदूबाईच्या अंगनात. आनि दोन्ही पाव्हने हात जोडून उभे, 'राहू द्या वैनी, राहू द्या, मुका जीव हाय.'

निमूट बसले, पातळ बिरडं खाल्लं, तृप्त होऊन गेले.

तेव्हापासून बायांनो, असंच चाललंय. पाव्हना आला की मी कोयता घेते नि हे पळतात. पन सुभेदाराची सर नाय. तो उकिरड्यावर आपलं आपन पोट भरून यायचा. हे एक फेरी मारून आले की दोन भाकऱ्या जास्त खातात.