बंद पाकिटातले मंत्र

ग्लेंडा: नऊ रविवार, मार्लिस. नऊच्या नऊ! आपल्या जादूच्या खेळात तू गुहेत पूर आणलास, ऑर्विनच्या पाकिटात पाण्याखाली श्वास घ्यायचा मंत्र. तू अदृश्य भूत सोडलंस, त्याच्या पाकिटात अदृश्य गोष्टी दिसायचा मंत्र. वीस वर्षं कोर्टात टंकलेखन करतेय मी. एवढा योगायोग आरोपीच्या तोंडूनसुद्धा ऐकला नाही.

मार्लिस: हळू बोल गं. चर्चचं तळघर आहे, जिन्यातून वरपर्यंत आवाज जातो.

ग्लेंडा: जाऊ दे. दोनला येतो तो, आत्ता कुठे पावणेदोन झालेत. आणि तो नियम कुणी केला? तूच ना?

मार्लिस: मीच. खेळाच्या पुस्तकात काय आहे, एकच विद्या धरलेल्या जादूगाराला रोज एक मंत्र जास्त. मला ते फुकटचं वाटलं. म्हणून आपला घरचा नियम केला: अशा जादूगारानं दिवसभराचे मंत्र खेळाच्या आधी चिठ्ठीवर लिहायचे, पाकीट चिकटवायचं. नंतर बदल नाही. चुकला तर चुकला.

ग्लेंडा: आणि हा बाबा चुकतच नाही! कसा चुकेल? तू रविवारी काय आणणार ते तुझ्या निळ्या वहीत लिहिलेलं असतं. वही पिशवीत. आणि पिशवी दोनदा हा चालवतो त्या बसमध्ये राहिली.

मार्लिस: दोन्ही वेळा त्याच संध्याकाळी आणून दिली त्यानं.

ग्लेंडा: तेच म्हणते. मधले आठ तास वही कुणाकडे होती?

मार्लिस: ऑर्विन तसा नाही.

ग्लेंडा: तुला काय माहीत? पाच वर्षं त्याच्या टाळक्यामागे बसून कामावर जातेस, तेवढीच तुमची ओळख. अख्ख्या मिलवॉकी शहरात तुला खेळाच्या टेबलावर आणायला हा बसवालाच मिळाला! म्हणे खेळात मी रक्षणविद्या धरतो, मोहिनीविद्या कायमची सोडतो. सोडणारच. तुला भुलवायला त्याला मंत्र लागतोय कुठे?

मार्लिस: ग्लेंडा, ऐक. मी एक केलंय. सोमवारी तू मला हे सगळं फोनवर सांगितलंस ना, त्यानंतर.

ग्लेंडा: काय केलंस?

मार्लिस: वहीत आजच्या पानावर खोटंच लिहिलं. ‘आगीचा डोंगर, जळते राक्षस.’ आणि शुक्रवारी पिशवी मुद्दाम बसमध्ये सोडून उतरले.

ग्लेंडा: अगं बाई! सापळाच की! आणि तो?

मार्लिस: संध्याकाळी माझ्या कामावर, दवाखान्यात आणून दिली. आज पाकिटात आगीपासून बचावाचा मंत्र निघाला, तर त्यानं वाचलंय. मग त्याला टेबलावरून उठवणार. सहा वर्षं या खेळाचं जग रचतेय मी. त्यात कुणी चोरून डोकावलं तर मला नाही सहन होणार. पण निघू नये गं. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा.

(दार वाजतं. ऑर्विन बेकरीतल्या गोड पावाचा खोका घेऊन आत येतो.)

ऑर्विन: क्रिंगल आणलाय. पेकानचे दाणे घातलेला. बाकीची मंडळी?

ग्लेंडा: अडीचला येतील. तुझं पाकीट दे आधी.

ऑर्विन: हे घे. पण ते खेळ सुरू झाल्यावर फोडायचं ना? नियम बदलला का?

मार्लिस: ऑर्विन, तू माझी वही वाचतोस का?

ऑर्विन: ती निळी?

ग्लेंडा: बघ! रंगसुद्धा माहीत आहे.

ऑर्विन: दर रविवारी माझ्या नाकासमोर असते ती. नाही. वाचली नाही मी.

मार्लिस: मग पूर येणार हे तुला कसं कळलं?

ऑर्विन: तुझ्या आईच्या तळघरावरून.

मार्लिस: काय?

ऑर्विन: जानेवारीत. मंगळवार होता. बसमध्ये म्हणालीस, पाइप फुटला, आईच्या तळघरात गुडघाभर पाणी, आणि निस्तरायचं मात्र मी एकटीनं. मला वाटलं, रविवारी पाणी येणार.

ग्लेंडा: आणि ते अदृश्य भूत?

ऑर्विन: नवे दातांचे डॉक्टर. मागे येऊन उभे राहतात, पाऊलसुद्धा वाजत नाही, असं म्हणाली होती ही.

मार्लिस: आणि माणसांचा दगड करणारी ती राणी?

ऑर्विन: ती तुझी बहीण. फोनवर गप्प बसते ती.

मार्लिस: मी... हे सगळं मी तुला सांगितलं?

ऑर्विन: मला म्हणजे, माझ्या डोक्यावरच्या आरशाला. पहिल्या बाकावर बसतेस आणि दवाखाना येईपर्यंत बोलतेस. आठवडाभर जे सांगतेस तेच रविवारी गुहेतून बाहेर येतं. शिंगं-शेपटी लावलेली असते, एवढंच. मी शेवटच्या थांब्यावर गाडी उभी केली की पाकीट लिहितो.

ग्लेंडा: गोष्ट छान आहे. कोर्टात सगळ्यांचीच छान असते. मार्लिस, फोड ते पाकीट.

मार्लिस: तूच फोड. माझ्याच्यानं नाही होत.

ग्लेंडा: आण इकडे. सहा ओळी आहेत. ‘जे काही असेल त्यापासून रक्षण.’ खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. सहाही ओळींत तेच लिहिलंय! अरे, असला मंत्र पुस्तकात कुठे आहे?

ऑर्विन: पुस्तकात नाही, माहीत आहे मला. वाया जाणार ते. पण दुसरं काही सुचेना. या आठवड्यात ती बोललीच नाही.

ग्लेंडा: आग नाही, मार्लिस. एकाही ओळीत आग नाही.

ऑर्विन: कसली आग?

मार्लिस: मंगळवारपासून मी मागे बसत होते, ऑर्विन. अगदी शेवटच्या बाकावर.

ऑर्विन: हो, दिसत होतीस. बुधवारी मी हातसुद्धा केला.

मार्लिस: पाहिला मी. मान फिरवली. मला वाटलं होतं तू माझी वही चोरून वाचतोस. परवा पिशवी विसरले नव्हते मी, तुला पकडायला ठेवली होती. लाज वाटते रे मला. चुकलं माझं.

ग्लेंडा: तिचं नाही, माझं. मीच तिच्या डोक्यात भरवलं. तोंड आवरत नाही माझं.

ऑर्विन: असू दे गं. नऊ वेळा बरोबर आलं तर मलाही संशय आला असता. सुरी कुठे आहे? मंडळी यायच्या आत कापून ठेवतो.

मार्लिस: उद्या मी पुढे बसते. पहिल्या बाकावर. या आठवड्याचं सगळं साचलंय, सगळं सांगते.

ऑर्विन: उद्या मी नसेन त्या गाडीवर.

मार्लिस: रजा आहे?

ऑर्विन: नाही. शुक्रवारी डेपोत आम्हा चालकांना मार्ग निवडायचे होते. सहा महिन्यांतून एकदा असतं ते. तुझा मार्ग मी सोडला. विमानतळाचा घेतला.

मार्लिस: का?

ऑर्विन: तू चार दिवस पार मागे जाऊन बसलीस. मला वाटलं, माझी गाडी नकोशी झाली असेल तुला, पण दवाखान्याला तर तीच जाते. मग मीच बाजूला झालेलं बरं.

ग्लेंडा: अरे, मग परत माग ना! मी येते डेपोत. मी सांगते त्यांना, माझ्यामुळे झालं म्हणून.

ऑर्विन: सह्या झाल्या. आता सप्टेंबरातच. रविवारी येईन की मी, जातो कुठे? पाकीट तेवढं अंदाजानं भरावं लागेल.

मार्लिस: मग सकाळी मी बोलायचं कुणाशी?