पंधराला थोडं कमी

— नाही, नाही, तसं ओढू नका, वरचे दोन्ही खोके अंगावर येतील. थांबा, मीच काढते. हं. घ्या, आता बघा निवांत. कालच आलाय माल, अजून निम्म्या खोक्यांच्या चिकटपट्ट्यासुद्धा काढल्या नाहीत आणि तुम्ही दारात हजर — जाहिरात बघितली असणार फोनवर, हो ना? सगळे तेच सांगतात. तर ही मुलांची गाडीतली सीट, यंदाची नवी. ही अशी गर्रकन फिरते दाराकडे, म्हणजे पोराला आत घालताना आपली कंबर मोडायला नको. आणि हा ठिपका बघा — सीट नीट बसली की हिरवा, नाही बसली की लाल. कंपनीचा माणूस आला होता शिकवायला, दोन तास नुसता हिरवा-लाल, हिरवा-लाल. शेवटी मी म्हटलं, अहो, मी एकोणीस वर्षं सीटा बसवतेय, ठिपका नव्हता तेव्हापासून, मला नुसत्या खटक्याच्या आवाजावरून कळतं बसली की नाही ते. गादीला हात लावून बघा! माझ्या घरच्या सोफ्याला नाही एवढी मऊ. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणा, पण चांगली आहे, खोटं कशाला बोलू.

ही नको? मग? — अच्छा, ती. ती बूस्टर. तीपण नवीनच. हलकी इतकी की एका हातात उचला, घडी घाला, पिशवीत टाका. तिला स्वतःच्या पट्ट्या नाहीत. गाडीतला आपला मोठ्यांचा पट्टा तोच मुलांना, ही फक्त त्यांना उंच करते. आवडते सगळ्यांना. मुलांना तर फारच, आईबाबांसारखा पट्टा मिळतो ना! कुणासाठी हवीय — हिच्यासाठी? त्या लाकडी हत्तीवर बसलीय ती तुमचीच होय? गोड आहे हो. किती वर्षांची? साडेतीन. हं. आणि आत्ता पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये बसते, पण रडते, पाय आपटते, मी काय बाळ आहे का म्हणते — माहीत आहे, सगळं माहीत आहे, तुमचं पहिलंच असलं तरी माझं पहिलं गिऱ्हाईक नाही. ये गं राणी इकडे. बूट काढ आणि या काट्यावर उभी राहा बघू.

असं काय बघताय? या दुकानातून बूस्टर अशीच देत नाही. दुसरीकडे देतात, खोका हातात ठेवतात की पुढचा कोण. इथे मी वजन करते, उंची मोजते, दोन्ही या कार्डावर लिहिते, खाली सही करते, आणि ते कार्ड सीटच्या खालच्या कप्प्यात जातं. मीच सुरू केलं हे. मालक आधी हसले, बाई, तुम्ही काय लसीकरण करताय का म्हणाले. मग लोकांना आवडतंय बघून त्यांनीच कार्डं छापून घेतली, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या बाईंची सही असल्याशिवाय बूस्टर दाराबाहेर जात नाही. पंधरा किलो पाहिजेत. आणि उंची त्या भिंतीवरच्या लाल रेघेपर्यंत. हलू नको राणी, श्वास घे, श्वास घेतला तर चालतो. तेरा किलो आठशे. जा, बस परत तुझ्या हत्तीवर.

थोडं कमी नाही, दादा. सव्वा किलो कमी आहे. बूट घालून मोजलं तर — अहो, बूट काय गाडीत तिला धरून ठेवणार आहेत? हसा, हसा. मीपण हसले असते. इकडे हात ठेवा तुमचा, कमरेवर, इथे बाजूला हाड लागतं ना? तो पट्टा या हाडावर अडतो, म्हणून आपण वाचतो. तिचं हाड केवढंसं! ब्रेक लागला की ती सरकते खाली, आणि पट्टा येतो पोटावर. आणि पोटात काय, सगळं मऊ. वरचा पट्टा मानेला काचतो, मग मुलं काय करतात माहितीये? काखेखालून घेतात. कुणी सांगायला लागत नाही, बरोबर घेतात. तुम्ही पुढून आरशात बघता — पट्टा लावलेला दिसतो. आपण निर्धास्त.

एकोणीस वर्षांत बघितलं असेल? नाही. नाही हो, एकोणीस वर्षांत नाही बघितलं, एकोणीस वर्षं नुसतं बोलत होते. पाठ होतं ना सगळं. बघितलं ते गेल्या वर्षी, घरातच. माझी नात. मुलीची मुलगी. मुंगी म्हणतो आम्ही तिला, जन्मली तेव्हा होतीच तेवढी, आणि खायला बसवलं की एक घास गालात धरून अर्धा तास. नाही, नाही — आहे, आहे! देवाच्या दयेने आहे, पळते, भांडते. तुमचा चेहरा बघून मलाच धस्स झालं. आहे ती.

तर गेल्या वर्षी असाच नवा माल आला होता, हिचीच आधीची बूस्टर, आणि मी सांगून टाकलं होतं सगळ्यांना — पहिला खोका माझ्या नातीचा. चौथा वाढदिवस होता. मालक म्हणाले, मग फोटोही तिचाच लावू भिंतीवर. आली ना नटूनथटून! मी मोजायच्या आधीच चढून बसली सीटवर, इथेच, या फळीवर, हाताची घडी घालून, आणि म्हणाली, आजी, आता मी मोठी ना? सगळं दुकान हसलं. गिऱ्हाइकंसुद्धा हसली. माझी मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, आई, अजून लहान नाही का गं ती याला, जुन्या सीटमध्ये नीट मावतेय की अजून. आणि मी — सगळ्यांच्या देखत — मी म्हटलं, मला शिकवतेस होय? एकोणीस वर्षं मी काय गवत उपटत होते का इथे? अठरा तेव्हा. अठरा म्हटलं मी. गप्प बसली बिचारी. लहानपणापासून तशीच ती, आई म्हणाली म्हणजे झालं.

पाच महिन्यांनी. काही हायवे नाही, वेग नाही, शाळेतून घरी येत होत्या दोघी. पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, हिने मारला, तरी लागली. गाडीचा एक दिवा फुटला. एक दिवा! टेम्पोवाला उतरून बघून गेलासुद्धा, काही नाही ताई म्हणाला. मुंगी रडलीही नाही. संध्याकाळी म्हणाली पोटात दुखतंय, आणि आम्ही आपलं काय, ओवा दे, शेक दे. मग पांढरीफटक पडली. आतडं फाटलं होतं. हे इथून — इथपर्यंत टाके. एकवीस दिवस दवाखान्यात, एवढ्याशा हाताला सुया टोचायला जागा उरली नव्हती. आता बरी आहे, सांगितलं ना. फक्त गाडीत बसत नाही. दार उघडलं की तिला उलटी होते. शाळेत चालत जातात दोघी, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला.

मुलीने गाडी चालवणं सोडलं. आणि जेवता जेवता घास हातात धरून थांबते. दोन सेकंद, आई, म्हणते, दोन सेकंद आधी बघितलं असतं मी, तर? तेवढंच. दीड वर्ष होईल आता — नाही, वर्षच झालं, मला आपलं दीड वाटतं. जावई समजूत घालतात, मी समजूत घालते. मी काय म्हणते माहितीये? नशीब गं, म्हणते. नशीब एकेकाचं. मी म्हणते! दवाखान्यात त्या डॉक्टरांनी विचारलं होतं, सीट वयाला योग्य होती ना, वजन वगैरे बघून घेतली होती ना? तर माझी मुलगी, रडून डोळे एवढाले झालेले, ती ताठ होऊन म्हणाली — माझी आई तेच काम करते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

तुम्ही ती मोठी घ्या हो. फिरणारी. नको असेल तर काहीच घेऊ नका, घरी आहे तीच सीट आणखी सहा महिने चालेल, पट्ट्या एक खाच वर घ्या, मी दाखवते कशा घ्यायच्या ते, फुकट दाखवते. रडली तर रडू दे. रडणारं मूल चांगलं, आवाज तरी येतो.

काय? — काय म्हणालात? लिहा ना पंधरा, कोण बघतंय. हळू बोललात, पण ऐकू आलं मला. कार्ड कशाला हवंय तुम्हाला? सीट तर काय, कुठलाही दुकानदार देईल. कार्ड कुणाला दाखवायचंय? — बायकोला. ती नको म्हणतेय. ती म्हणतेय अजून लहान आहे, आणि तुम्ही घरी जाऊन सांगणार, हे बघ, त्या दुकानातल्या बाईंनी मोजून दिलं, सही आहे त्यांची. आणि ती गप्प बसणार.

तेरा किलो नऊशे होती मुंगी.

तुमच्या मुलीपेक्षा शंभर ग्रॅम जास्त. याच काट्यावर. माझी मुलगी तिच्या काढून ठेवलेल्या बुटाच्या बंदाची गाठ सोडत खाली वाकली होती, तिला आकडा दिसत नव्हता, तिने खालूनच विचारलं, आई, किती भरलं? मी म्हटलं, पंधरा. तोंडातून गेलं असं नाही, समजू नका तसं. मी आकडा बघितला, मग मुंगीचं तोंड बघितलं, मालक फोन धरून उभे होते फोटोसाठी, आणि मी विचार करून म्हटलं, पंधरा. कार्डावर लिहिलं. सही केली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आणि दवाखान्यात मुंगी आत ऑपरेशनला होती ना, तेव्हा सगळे बाहेर बाकावर बसलेले, आणि मी पाणी आणते म्हणून खाली गेले, पार्किंगमध्ये, आणि गाडीतल्या त्या सीटखालून कार्ड काढून घेतलं. पर्समध्ये टाकलं. मग पाणी घेऊन वर गेले. पाणीसुद्धा नेलं बघा आठवणीने. कुणी विचारलं नाही. कुणाला सुचलंच नाही विचारायचं. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणत होती, आई, माझंच चुकलं, आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते.

हे मी तुम्हाला का सांगतेय? मी नवऱ्याला नाही सांगितलं. तुमचं मला नावही माहीत नाही.

नाही. लिहिणार नाही. मालकांना बोलवायचं तर बोलवा, मागे गोदामात आहेत, सांगा बाई विकत नाहीत म्हणून. त्यांना वाटलं तर ते विकतील, सही माझी नसेल. राणीचे बूट घाला. तो डावा आहे, उजव्या पायात कसा जाईल? हं. आणि ऐका, घरी गेल्यावर बायकोला खरं वजन सांगा, तेरा-आठशे, एवढं करा. जा आता. अहो जा ना, असे उभे राहू नका माझ्यासमोर, मला एक फोन करायचाय. आत्ताच करायचाय, तुम्ही गेल्यावर पुन्हा कुणीतरी येईल, मी पुन्हा ठिपका दाखवत बसेन. दार ओढून घ्या जाताना.

— हॅलो. अगं, मीच. नाही, दुकानातूनच. बरी आहे, काही झालं नाही. मुंगी कुठेय? — बरं. तिला खेळू दे, तू जरा आत जा. बस कुठेतरी. बसलीस? अगं, त्या दिवशी तू बूट सोडताना मला विचारलंस ना, किती भरलं —