अटलांटिकच्या आसपासचा माणूस

आणि वर म्हणतात, माहिती सगळ्या जगाला खुली! कसली खुली? तुम्हाला सांगतो, शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी तिथे हजर होतो... म्हणजे खोलीत नव्हतो, शेजारी रक्ताच्या नमुन्यांचे फ्रीझर सांभाळत होतो, दारही बंद होतं. पण अटलांटिकमधल्या आमच्या फॅरो बेटांवर दार लावतात ते वाऱ्यासाठी, कानांसाठी नव्हे!

तर आमचा हानुस. माणसामाणसांच्या जनुकांतले फरक एका जागी नोंदवायचे म्हणून सव्वीस देशांनी मंडळ काढलं, त्यात आमच्या बेटांतर्फे हा. आणि याच्या बहिणीची, बार्बाची पोर, सुन्नेवा, वय सहा, पायांतली ताकद चाललेली! जनुकात एक अक्षर चुकलेलं सापडलं, पण डॉक्टर म्हणाले, "तेच कारण कशावरून? तसाच दुसरा रुग्ण जगात दाखवा, मग उपचाराचं बोलू." दुसरा रुग्ण! एवढंच हवं होतं हो!

हानुसने नोंद पाठवली. मुलगी, वय सहा, गाव अमुक. लगेच व्हिएन्नाहून मंडळाच्या वकीलबाई एल्फ्रीडे फोनवर, नाकातल्या नाकात: "हानुस, गावाची वस्ती किती?" "एकोणीस." "आणि मुली?" "एक." "अहो, मग गाव खोडा! ओळख पटता कामा नये!" खोडलं. "देशाची वस्ती किती?" "पन्नास हजारांवर, सगळे एकमेकांचे चुलत." "देश खोडा!" मग वय खोडलं, मग मुलगी खोडली... चार वर्षं, तुम्हाला सांगतो, चार वर्षं खोडाखोड, आणि उरलं काय? 'माणूस. अटलांटिकच्या आसपास.' नोंदीचा क्रमांकसुद्धा दर खेपेला नवा. का? ओळख पटता कामा नये!

आणि एक दिवस, काय सांगू, जुळलं! तेच अक्षर, तीच चूक, तिकडे कुठेतरी कुणीतरी! हानुस धावत बहिणीकडे. बार्बाने रुबार्बचा केक केला, पोराटोरांसकट सगळं गाव, म्हणजे एकोणीस जण, येऊन खाऊन गेलं. हानुसने मंडळामार्फत त्या अनोळखी संशोधकाला पत्र धाडलं. सहा आठवड्यांनी मंडळाकडून निरोप, उत्तर नव्हे, नवीच विचारणा: 'एका संशोधकाला तुमच्या रुग्णाबद्दल विचारायचं आहे.' हानुस दार उघडून माझ्यावर ओरडला, "अरे, तिसरा! तिसराही निघाला!" फ्रीझर उघडा टाकून मी नाचलो, खोटं कशाला बोलू?

मग त्याने त्या तिसऱ्याचं पत्र उघडलं. नाव काळं केलेलं, देश काळा केलेला, ओळख पटता कामा नये ना! खाली एकच ओळ शिल्लक: 'तिला आता जिना चढवत नाही, कृपया लवकर कळवा.'

हानुस खाली बसला. ती ओळ त्यानेच लिहिलेली होती. जुनी नोंद कुणी काढलीच नव्हती. नवी नोंद जुनीला जुळली, पत्र व्हिएन्नाला गेलं आणि फिरून लिहिणाऱ्याच्याच पदरात! दुसरा नाही, तिसरा नाही. सव्वीस देशांत मिळून आपली एकटी सुन्नेवा!

एल्फ्रीडेबाईंना फोन लावला, तर बाई खूश! "बघा हानुस, तुम्हालासुद्धा ओळखू आली नाही!"

मग हानुस गावी गेला, बहिणीला समोर बसवून सगळं खरं खरं सांगितलं, ती रडली, हाही रडला, आणि...

नाही, थांबा. शपथ घेतलीय म्हणून सांगतो, हे शेवटचं मी रचलं. बाकी सगळं खरं. तो गेला, पण तोंड उघडेना. बार्बानेच विचारलं, "त्या दुसरीलाही जिना चढवत नाही का रे?" हा म्हणाला, "नाही चढवत." "अगंबाई... तिच्या आईचं काय होत असेल!" म्हणाली आणि लोकर काढून बसली. आता त्या दुसऱ्या पोरीसाठी स्वेटर विणतेय. माप विचारत होती.

हानुस म्हणाला, "सुन्नेवाचंच घे."