गेट पास नसलेला प्याला

जबाब. ठाणे सुपेला, भिलाई, जिल्हा दुर्ग. शनिवार, दिनांक १५ फेब्रुवारी २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.

नाव: अन्नपूर्णा देवराव आढाव. वय: ५७ वर्षे. धंदा: (लिहिलेला शब्द खोडून जागा सोडली आहे.) राहणार: जुनवानी, भिलाई.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती देवराव पोलाद कारखान्यात क्रेन ऑपरेटर होते. ते सहा वर्षांपूर्वी वारले. आमचे मूळ गाव वर्ध्याकडे. हा जबाब मी मराठीत देत आहे, कारण तो पुढे आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या मराठी चर्चमध्ये, वाचला जाणार आहे. लिहून घेणारे प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, भूपेंद्रजी यांचे आजोळ गोंदियाचे असल्यामुळे त्यांना मराठी लिहिता येते. हिंदी प्रत ते वेगळी करतील.

आमच्या मंडळीत चाळीसेक घरे आहेत. स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. पाळकपदाची दीक्षा झालेले पाळकसाहेब बोरसीहून महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, देतात. ते फक्त दीक्षा झालेल्या माणसाने द्यायचे असते. भाकर भाजणे, आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजवून त्यांचा रस काढणे, प्रभुभोजनाच्या मेजावरचे कापड इस्त्री करणे, नंतर प्याला आणि ताट घरी नेऊन चिंचेने घासणे ही कामे सव्वीस वर्षे माझ्याकडे आहेत. चर्चच्या कपाटाची एक किल्ली त्यासाठीच माझ्याकडे असते.

मी पाच वर्षे पोस्टाने धर्मशास्त्र शिकले आणि पहिल्या वर्गात पास झाले. मला उपदेश करू देतात, पण खालच्या स्टँडवरून. मेज ज्या पायरीवर आहे तिथे मी झाडायला चढते, उपासना चालू असताना नाही. पायरी आठ इंचांची आहे. मी मोजली आहे.

बायांना दीक्षा द्यावी असा ठराव आमच्या प्रांतिक सभेत दोनदा आला आणि दोनदा पडला. पहिल्या वेळी, बायांनी मंडळीत गप्प राहावे, या पौलाच्या पत्रातल्या ओळीवर दोन तास गेले. मी उठून म्हणाले की येशूचे रिकामे थडगे आधी बायांनीच पाहिले आणि निरोप त्यांनीच आणला, तेव्हा कोणी त्यांना दीक्षेचा कागद मागितला नव्हता. त्यावर चहाची सुट्टी झाली. दुसऱ्या वेळी सभेतल्या एका वडील कारभाऱ्यांनी विचारले, महिन्याच्या त्या दिवसांत बाई मेजाजवळ कशी उभी राहणार? त्या मेजावरची भाकर त्या दिवसांतही मीच भाजत आले आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी पुढे भाकर खाल्ली नसती. भूपेंद्रजी म्हणाले, "मॅडम, इतना नहीं लिखते." मी म्हणाले, लिहा.

येत्या शनिवारी, २२ तारखेला, ठराव तिसऱ्यांदा येणार आहे आणि त्याच्यासोबत माझा अर्ज आहे. या वेळी तो पास होईल असे सगळे म्हणतात. दीक्षा वयाच्या साठीपर्यंतच मिळते. आणखी एक नियम असा की, दीक्षा नसताना ज्याने प्रभुभोजन दिले त्याचा अर्ज पाच वर्षे घेतला जात नाही. माझे वय वर लिहिले आहे.

तक्रारदार श्यामराव हे आमच्या मंडळीचे सेक्रेटरी. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी चौतीस वर्षे काढली. निवृत्त झाले ते रजिस्टर घेऊनच चर्चमध्ये आले म्हणा ना. चर्चची कुठलीही वस्तू बाहेर न्यायची तर त्यांच्या सहीचा गेट पास लागतो, मग ती सतरंजी असो की हार्मोनियम. वस्तू जागेवर नाही आणि पासही नाही, तर चोवीस तासांत ठाण्यात खबर, असा त्यांचा नियम आहे. फक्त भांडी घासायला नेताना पास लागत नाही. ते बायांचे काम, म्हणून नियमातून सुटले.

आमच्या मंडळीतल्या मनकर्णाबाई, वय ८४, जुनवानीतच सुनेजवळ राहत. त्यांना मोतीबिंदूमुळे दिसत नव्हते. त्या मागच्या आठवड्यात फार आजारी पडल्या. त्यांना प्रभुभोजन द्यायला पाळकसाहेब गुरुवारी, १३ तारखेला, येणार होते. म्हणून मी बुधवारी मनुका भिजवल्या. गुरुवारी सकाळी दहा वाजता मी कपाट उघडून प्याला आणि ताट लाकडी पेटीत ठेवून नेले. अकरा वाजता पाळकसाहेबांचा फोन आला की ते २२ तारखेच्या सभेच्या तयारीसाठी रायपूरला अडकले आहेत, शुक्रवारी येतील. मनुका बुधवारी भिजवल्या म्हणजे आधीच ठरवून केले, असे काही लोक म्हणत आहेत. ते खरे नाही. अकरा वाजेपर्यंत मी काही ठरवले नव्हते.

बारा वाजता मनकर्णाबाईंची सून रेणू हिचा फोन आला. ती सासूबद्दल म्हणाली, "मावशी, बुडी थांबत नाई वाटते. सकाळपासून भाकर मागून राहिली." मी पेटी घेऊन चालत गेले. दहा मिनिटांचे अंतर आहे.

इथे सांगणे भाग आहे की दुसऱ्या ठरावाच्या वेळी मनकर्णाबाई बाकावरून उठून सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "बाईच्या हातून मी नाई घेत. उपाशी मरीन." ते मला फार लागले होते. पुरुषांचे बोलणे मी कानाआड केले, पण त्यांचे घरापर्यंत सोबत आले.

मी खोलीत गेले तेव्हा त्यांनी विचारले, "पाळकसाहेब आले का?" रेणू माझ्या कानात म्हणाली, "हो म्हना मावशी, तिले का दिसते?" गप्प राहायला आम्हाला लहानपणापासून शिकवले आहे, त्या विषयात मी नापास होणार नाही. पण प्रभुभोजनाचे शब्द मोठ्याने म्हणावे लागतात आणि आवाज माझा आहे. मी सांगितले, "मनकर्णाबाई, पाळकसाहेब नाही आले. मी अन्नपूर्णा आहे. ते उद्या येतील."

भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. मी पेटी बंद करायला घेतली. तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या मी कुठं हावो? कावून थांबली? म्हन ना."

मी सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं म्हन."

ते शब्द मला पाठ होते. मी ते स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी चालू असताना म्हणून पाहिले आहेत, म्हणजे देवरावांना ऐकू जाऊ नयेत. त्या दिवशी पहिल्यांदा समोर कोणीतरी होते. मी भाकर मोडली. त्यांना गिळवत नव्हते, म्हणून तुकडा रसात बुडवून दिला. मग प्याला दोन्ही हातांनी धरून त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी माझे मनगट धरले आणि सुपेल्याच्या बाजारात लेकरू धरते तसे धरून ठेवले. मी अर्धा तास तशीच बसले. मला फार आनंद झाला होता. मरणाऱ्या माणसाजवळ बसून आनंद झाला हे बरे दिसत नाही, पण झाला.

मनकर्णाबाई शुक्रवारी पहाटे वारल्या. दुपारी माती दिली. पाळकसाहेब मातीला पोहोचले.

प्रश्न: प्याला गुरुवारीच परत का ठेवला नाही?
उत्तर: ठेवावासा वाटला नाही. घासून झाल्यावर मी दर वेळी तो एकदा वर धरून पाहते, घरात कोणी नसताना, आणि मग परत नेऊन ठेवते. या वेळी तो वापरलेला होता. मी तो घासलाच नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत जेवले.

आज सकाळी साडेनऊ वाजता श्यामरावांनी कपाट उघडले. पेटी नाही, पास नाही. त्यांनी नियमाप्रमाणे ठाणे गाठले आणि मग मला फोन केला. मी पेटी घेऊन इथे आले. ती पंचनाम्यात आहे. प्याल्याच्या तळाला रसाचा डाग आहे, तो तसाच ठेवावा.

भूपेंद्रजी जेवायला गेले तेव्हा श्यामराव बाकावर माझ्याशेजारी बसले. ते म्हणाले, "अन्नपूर्णाबाई, चूक माही झाली. आधी तुमाले विचारलं पायजे होतं. आता फकत घासायले नेला होता म्हना. घासायले पास नाई लागत. मी तक्रार वापस घेतो. अन् शनवारी मी तुमच्याच बाजूनं हात वर करनार आहो, आईची आन."

मी विचारले, "आणि रेणू?"

ते म्हणाले, "रेणूले मी समजावतो. ते काई बोलत नाई."

श्यामराव वाईट माणूस नाही. दोन्ही वेळा विरोधात हात वर करणारा माणूस तिसऱ्यांदा माझ्यासाठी उठणार आहे, हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. मला दीक्षा हवी आहे. इतर कशाचीही मला इतकी आस लागलेली नाही, हेही लिहून घ्यावे. मी त्यांचा चहा घेतला. पण घासायला नेला म्हटले तर मनकर्णाबाई उपाशी गेल्या असे होईल. त्या जेवून गेल्या आहेत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गेट पास घेतला नव्हता, ती चूक मला मान्य आहे.

हा जबाब भूपेंद्रजींनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. श्यामरावांच्या सांगण्यावरून त्यांनी एके ठिकाणी "प्याला घासण्यासाठी नेला" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आणि "नेला, आणि मनकर्णाबाईंना प्रभुभोजन मी स्वतः दिले" असे लिहून घेतले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. वर धंद्याच्या रकान्यात "गृहिणी" लिहिले होते, तेही खोडले. मग काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी जागा तशीच सोडायला सांगितली. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

सही: अन्नपूर्णा देवराव आढाव