तो रस्ता मी शोधलाय

नाही, मला एवढंच सांगा, तो रस्ता सापडला कुणाला? मला! गादी कारखान्याच्या मागून जो रस्ता जातो ना, थेट माझ्या सासूबाईंच्या इमारतीच्या मागच्या फाटकाशी निघतो, मोठा चौक लागत नाही, सिग्नल लागत नाही, चांगली पंधरा मिनिटं वाचतात, तो रस्ता मी शोधलाय. मी! आणि आमच्या अख्ख्या घरात त्याला म्हणतात काय, तर 'धाकट्याचा शॉर्टकट'. धाकटा म्हणजे माझा साडू, मेहुणीचा नवरा, सासूबाईंचा धाकटा जावई. मी थोरला. हे जरा लक्षात ठेवा, कारण आमच्याकडचं सगळं दुखणं इथूनच सुरू होतं.

तुम्हाला सांगतो, शोध काही असा बसल्या बसल्या लागत नाही. दाताच्या डॉक्टरकडून येत होतो, अर्धा जबडा बधिर, चौकात ही गर्दी, म्हणून वैतागून एका टेम्पोच्या मागे गाडी घातली, म्हटलं याला रस्ता माहीत असणार. तो गेला सरळ गादी कारखान्यात, आणि मी भिंतीपाशी उभा. आता विचारायचं कसं? वॉचमनपुढे तोंड उघडलं तर आतून निघालं, 'हफ्फा फुफे हाफो?' त्यानं मला पाणी आणून दिलं, बिचाऱ्यानं. शेवटी म्हटलं, जे होईल ते होईल, आणि निघालो भिंतीच्या कडेकडेनं... कापसाची पोती, दोन झोपलेली कुत्री, एक वळण, दुसरं वळण... आणि समोर सासूबाईंचं मागचं फाटक! अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. थोडं दाढेचंही असेल.

मग मी शहाण्यानं काय करावं? साडूला फोन केला. म्हटलं, आपलाच माणूस आहे, सांगावं. तो म्हणाला, 'वा दादा, भारीच की!' दादा म्हणतो मला. गोड बोलतो हो, वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. पण दोनच दिवसांत हा पठ्ठ्या सासूबाईंना गाडीत घालून त्याच रस्त्यानं गेला, आणि घरच्या ग्रुपवर व्हिडिओ! भिंत दाखवतोय, पोती दाखवतोय, कुत्री दाखवतोय... माझी कुत्री! आणि खाली सासूबाईंनी लिहिलेलं, 'आमचा गुलाम काय शोधून काढेल, नेम नाही.' मी तिथल्या तिथं लिहिलं, 'हा रस्ता आधी मला सापडला.' तर मला सासूबाईंनी उत्तर काय पाठवावं? जोडलेले हात. नुसते जोडलेले हात, बाकी अक्षर नाही! याचा अर्थ माणसानं काय लावायचा?

हेवा वाटतो का म्हणून काय विचारता? वाटतो! जळतो मी, सरळ सांगतो, आतून कोळसा झालोय. तुम्ही एकदा सासूबाईंकडे येऊन बघाच. मी दारात दिसलो की त्या टीव्ही बंद करतात, सोफ्यावरचे पाय खाली घेतात, केस नीट करतात, मला चहा नवीन कपात, बशीसकट, आणि समोरच्या खुर्चीत ताठ बसून विचारतात, 'प्रवास बरा झाला ना?' अहो, प्रवास कसला, मी पलीकडच्या पेठेतून येतो! आणि हा? हा आला की थेट स्वयंपाकघरात, ओट्यावर चढून बसतो, कान तुटलेल्या मगात चहा पितो, पातेल्यात बोट घालतो, त्या त्याच्या पाठीत धपाटा घालतात, आतून दोघांच्या हसण्याचा आवाज, आणि मी बाहेरच्या खोलीत बशी सांभाळत बसलेला. बायकोला म्हटलं तर ती म्हणते, 'अहो, आई मान देते तुम्हाला, अजून काय हवंय?' मान! मान काय चाटायचाय? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या बाईंनी मला एकदा म्हणून 'मूर्ख' म्हटलेलं नाही.

तर म्हटलं, निदान रस्ता तरी. रस्ता माझा आहे, तो माझ्या नावावर झालाच पाहिजे. आणि संधी चालून आली परवाच्या रविवारी. फुलांचं प्रदर्शन होतं, सासूबाईंनी गच्चीत वाढवलेला गुलाब स्पर्धेत ठेवायचा होता, एकच फूल, पण काय फूल, बशीएवढं! त्याला त्या महिनाभर सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत फिरवत होत्या. आम्ही सगळे साडूच्या गाडीत. मला पुढची सीट, अर्थात. थोरला ना मी! मागे सासूबाई, मांडीवर कुंडी, दोन बाजूंना दोन मुली. मी म्हटलं, कुंडी माझ्याकडे द्या, तर म्हणाल्या, 'छे छे, तुमच्या पँटला माती लागेल.' पुढे साडू गाडी चालवत म्हणाला, 'आई, मी धरतो कुंडी, मला काय, मी काय माणूसच नाही,' तर मागून त्याच्या डोक्यात टपली. खिदळल्या सगळ्या. मला टपली नाही. मी आपला समोर बघतोय.

गाडी गादी कारखान्याकडे वळली आणि मी सुरू केलं. म्हटलं, इथून डावीकडे, मला पाठ आहे, दाढ बधिर होती तेव्हा मीच पहिल्यांदा... तर सासूबाई मागून म्हणाल्या, 'हो का? यानं तुम्हालाही दाखवला वाटतं रस्ता.' मला! माझाच! मेहुणी हसायला लागली. साडू म्हणाला, 'नाही हो आई, खरंच दादांनीच...' तर त्या म्हणाल्या, 'पुरे, सगळ्यांची बाजू घेतोस.' म्हणजे खरं बोलला तर त्याचं मन मोठं, आणि मी बोललो तर बढाई! आहे की नाही?

आणि दुसऱ्या वळणावर, पोत्यांच्या पुढे, कुणीतरी पाइप टाकायला रस्ता खणून वरून नुसती ओली माती लोटून ठेवलेली. वरून सपाट, कळायला मार्ग नाही. गाडीचं पुढचं चाक गेलं आत. धाडकन. आणि मागून आवाज आला... आवाज कसला, काहीच आवाज आला नाही. मी मागे वळून बघितलं, तर कुंडी मांडीवर शाबूत आणि फूल देठापासून तुटून सासूबाईंच्या हातात.

मी म्हटलं, संपलं. मग सासूबाई खाली उतरल्या, चिखलात, घोट्यापर्यंत, आणि साडूला उतरवलं, आणि मग जी सुरुवात झाली...! 'डोळे आहेत की खोबणी? एवढा घोडा झालास, समोरची माती दिसत नाही? तुझ्या मेल्याच्या शॉर्टकटनं वाटोळं केलं माझं!' तो आपला चाकाला खांदा लावून, मान खाली, 'हो आई, चुकलं आई.' मेहुणीनं स्टिअरिंगवर बसून गाडी सुरू केली, चाक फिरलं, चिखल उडाला तो सगळा याच्या तोंडावर. तर बोलता बोलताच त्यांनी पर्समधून स्वतःचा रुमाल काढला, त्याची हनुवटी धरली आणि खसाखसा तोंड पुसायला लागल्या. पुसतायत आणि बोलतायत, बोलतायत आणि पुसतायत. डोळ्यांत पाणी, फुलाचं. आणि मी पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

तुम्हाला सांगतो, मला काय झालं मलाच कळलं नाही. खरं तर कशी मजा यायला हवी होती! रस्ता त्याच्या नावावर, खड्डा त्याच्या नावावर, बस बोंबलत. पण मी पट्टा सोडला, धडपडत बाहेर आलो, आणि इतक्या मोठ्यानं बोललो की ती दोन्ही कुत्री उठून बसली.

"आई, तो रस्ता माझा आहे. मी शोधलाय. सगळी चूक माझी आहे. मला बोला!"

सासूबाई थांबल्या. हनुवटी सोडली त्याची. मी उभा, डोळे मिटून, म्हटलं आता येतंय... आता येतंय...

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. अगदी हळू, अगदी गोड. केस नीट केले त्यांनी. "तुमचं काय चुकलं त्यात? तुम्ही आपले आत बसा बरं, बूट खराब होतील."

बसलो. काय करणार? पट्टाही लावला. फक्त काच तेवढी खाली घेतली, कारण बाहेर पुन्हा सुरू झालं होतं, आणि काय सांगू तुम्हाला... काय छान रागावतात हो त्या!