बाहेरची कडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं विचाराल तर मी दुसरं नाव घेणार नाही. कौतिकबाई, माझी फुई. आमच्या देवळ्याकडं आत्याला फुई म्हणतात. तुम्ही लिहून घेताय तर आधी तिचं नाव लिहा, माझं खाली कुठं तरी लिहा, संदीप म्हणून, बास. मी दोन वर्षांचा असताना आई गेली, वडील ट्रकवर होते, ते घरी कमी आणि रस्त्यावरच जास्त, आणि फुईचा नवरा वारलेला, मूलबाळ नव्हतं, तर तिनं मला उचललं आणि भाऊबंदांना सांगितलं की हा आता माझा, कुणी मागायला यायचं नाही.

फुई कांद्याच्या खळ्यावर कामाला जायची. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं मोठं पत्र्याचं आवार, तिथं बायका ओळीनं बसून कांदा निवडतात, मोठा एकीकडं, चिंगळी एकीकडं, सडका बाजूला. मी शाळेतून आलो की तिच्या शेजारी पोत्यावर बसायचो आणि ती म्हणायची वाच, मोठ्यानं वाच. तिला अक्षर येत नाही, आजही येत नाही, पण मी इतिहास वाचू दे नाहीतर भूगोल, तिचे हात चालू आणि कान माझ्याकडं, आणि मी मध्येच थांबलो की लगेच, काबर थांबना रे? बाकीच्या बायका हसायच्या, कौतिक, तुझा पोरगा कलेक्टर होतो का काय, तर ती म्हणायची कलेक्टर नको, ह्याला नोकरी लागली की मी ह्याच्याकडं नाशिकला जाणार, पंख्याखाली बसणार आणि नुसता चहा पिणार. हे ती इतक्या वेळा बोलली असेल, काय सांगू तुम्हाला, की मला लहानपणी वाटायचं नोकरी म्हणजे फुईचा पंखा.

एक गोष्ट तिची सांगतो म्हणजे पुढचं समजेल. तिला कांद्याची चाळ समजायची. चाळ बघितलीय ना तुम्ही, बांबूच्या पट्ट्यांची, दोन्ही बाजूंनी फटी, खालूनसुद्धा वारा खेळला पाहिजे, नाहीतर कांदा आतल्या आत उबतो आणि सडतो. शेतकरी तिला मुद्दाम बोलवायचे, फुई फटीतून हात घालायची, डोळे मिटायची आणि सांगायची की हिचा जीव कोंडलाय, उद्याच्या उद्या उघडा. पुस्तकात नाही वाचलं तिनं हे, हातात होतं.

मी देवळ्यालाच बी.ए. झालो. घराण्यातला पहिला पदवीधर, खळ्यावर तिनं सगळ्यांना पेढा वाटला, व्यापाऱ्याच्या हमालालासुद्धा. मग नाशिकला आलो आणि दोन-तीन ठिकाणी फिरून दिंडोरी रोडला एका शीतगृहात लागलो, ठेकेदाराकडून, नोंदीच्या कामावर. हंगामात द्राक्ष असतं, नंतर बेदाणा आणि बाकीचा माल. आत इतकं गार असतं की मे महिन्यात मी स्वेटर घालून आणि कानटोपी लावून बसतो. आमच्याकडं एकच नियम, दार बंद. कुणी दार अर्धा मिनिट उघडं ठेवलं की सुपरवायझर ओरडतो, गारवा काय तुझ्या बापानं ठेवलाय का. चार वर्षं हेच ऐकलं, तेच डोक्यात बसलं.

आणि खोली माझी म्हसरूळच्या पुढं, पत्र्याची. दहा खोल्यांची एक ओळ, वर पत्रा, भिंती पत्र्याच्या, पुढं एक दार, मागं एक हातभर खिडकी. दहा खोल्यांना दोन संडास, तेही पत्र्याचे, दुपारी कडीला हात लावला तर चटका बसतो. दिवसा तिथं फक्त म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं असलेल्या बाया राहतात, बाकी सगळे कामावर. उन्हाळ्यात त्या बाया दुपारी खोलीत बसतच नाहीत, गोधडी ओली करून पोरांवर टाकतात आणि मारुतीच्या देवळाजवळ कडुलिंब आहे तिथं जाऊन बसतात, लिंबाखाली जागा नसली की बँकेच्या एटीएममध्ये दोन-दोन जणी शिरतात, तिथून वॉचमन हाकलतो. आणि पाणी कमी पितात. पाणी प्यायलं की संडासाला जावं लागतं, म्हणून. मला हे माहीत नव्हतं. शेजारच्या लताताईंनी सांगितलं, नंतर, जेव्हा सांगून उपयोग नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात फुईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. मी म्हटलं नाशिकला कर, माझ्याकडं राहा महिनाभर. तिला एवढा आनंद, तिनं नवं लुगडं काढलं. आली, खोलीत पाऊल टाकलं आणि काय केलं असेल? हात वर करून पत्र्याजवळ धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, संदू, या चाळीत कांदा आठ दिन बी टिकाव नही. मी हसलो. म्हटलं फुई, तू काय कांदा आहेस का.

मी तिच्यासाठी कूलर आणला, जुना, पण चांगला चालणारा. आणि मग मी माझी अक्कल चालवली. शीतगृहातून द्राक्षाच्या पेट्यांचे पुठ्ठे आणले आणि पत्र्याखालच्या सगळ्या फटी बंद केल्या, चिकटपट्टी मारली, मागची खिडकी थर्माकोलनं भरून टाकली. एक संपूर्ण रविवार मी त्यात घातला, घामानं निथळत होतो पण मनात म्हणत होतो की माझ्या फुईसाठी मी शीतगृह बनवतोय. कूलरला मोकळी हवा लागते, नाहीतर नुसती वाफ धरते, हे मला बी.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं आणि जिला माहीत होतं तिचं मी ऐकत नव्हतो. ऑपरेशन झालं, तिला खोलीवर आणलं, तर ती सारखी उठून दार उघडायची. मी म्हणायचो फुई, गारवा जातो. ती म्हणायची गारवा कुठं आहे रे, अंग चिकट होतंय, वारा येऊ दे. असं आमचं चार दिवस चाललं. शिवाय मी कामावर गेलो की ती लिंबाखाली बायकांत जाऊन बसायची, ऑपरेशनच्या डोळ्यावर धूळ, आणि पदरानं डोळा चोळायची. डॉक्टरनं सांगितलं होतं ऊन, धूळ, धूर काही नको. तर पाचव्या दिवशी मी कामावर निघालो तेव्हा बाहेरून कडी लावली.

हे आजपर्यंत लताताई आणि फुई सोडून कुणाला माहीत नाही, तिसरे तुम्ही. कडी लावली. पाण्याचा हंडा आत भरून ठेवला, भाकरी ठेवली आणि लताताईंना सांगितलं की तुम्ही धुण्याभांड्याची कामं करून बाराला येता तेव्हा कडी काढा आणि तिला जरा बघा. त्या म्हणाल्या भाऊ, म्हातारीला कोंडू नको, बरं नाय दिसत. मी म्हटलं ताई, दोन तासांचा प्रश्न आहे, डोळा जाईल तिचा. त्या दिवशी त्यांच्या एका मालकिणीकडं पाहुणे आले, त्यांना थांबवून घेतलं. अकराच्या सुमाराला आमच्या ओळीची लाइट गेली. त्या घरी पोचल्या तेव्हा तीन वाजले होते.

फोन आला तेव्हा मी कानटोपी घालून बसलो होतो. तसाच पळालो, स्वेटर अंगावर. फुई जमिनीवर होती, अंग तव्यासारखं, घाम नाही, कोरडं, आणि काही तरी बरळत होती, निवड, निवड, सडका बाजूला काढ. लताताईंनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलेलं होतं, ओली गोधडी टाकली होती, डॉक्टर नंतर म्हणाले की त्या बाईमुळं वाचली. हंडा जवळपास भरलेलाच होता. संडास बाहेर आणि दाराला कडी, ती पाणी पिणार कशी, तुम्हीच सांगा.

सरकारी दवाखान्यात दोन दिवस तिला शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, आणि राउंडला डॉक्टरबाई आल्या, तरुण होत्या, त्यांनी विचारलं की आजी एवढा वेळ बंद खोलीत कशा राहिल्या, बाहेर का नाही आल्या. मी तोंड उघडलं होतं. खरंच सांगतो, उघडलं होतं. पण फुईच आधी बोलली, जीभ जड झालेली, तरी बोलली, मीच कडी लावी आतून, झोप लागनी. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. लताताई पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग खिडकीकडं पाहिलं.

नंतर मी तिला विचारलं, फुई, तू दार वाजवलं का नाहीस, हाक का मारली नाहीस, पलीकडच्या खोलीत बाळंतीण होती, तिनं ऐकलं असतं. तर म्हणाली, लोक जमले असते रे, म्हणाले असते की संदूनं म्हातारीला कोंडून ठेवलं, तुझं नाव खराब झालं असतं.

फुई वाचली, पण ती फुई राहिली नाही. चालताना तोल जातो, उजवा हात थरथरतो, नावं विसरते. खळ्यावरचं काम सुटलं, थरथरत्या हातानं कांदा निवडता येत नाही. देवळ्याला चुलतभावाच्या घरी असते, वैशाली वहिनी तिचं सगळं करतात, देव त्यांचं भलं करो. घरामागं कांद्याची चाळ आहे, दुपारी त्या चाळीच्या सावलीला बाज टाकून ती पडून राहते, म्हणते इथं वारा लागतो. आणि फोनवर दर वेळी एकच, कव्हय लेवाले येशी रे संदू, कधी न्यायला येतोस. तिला वाटतं डोळ्याचं राहिलंय, ते झालं की ती माझ्याकडं येणार. माझी फुई, जिनं मला ह्याच एका आशेवर शिकवलं.

आता परत उन्हाळा लागला. मी पुठ्ठे सगळे काढून टाकले, पत्र्यावर चुना मारला, त्यानं थोडा फरक पडतो, थोडाच. मालकाला म्हटलं वरच्या बाजूला एक झरोका पाडून द्या, तर म्हणाला पावसात पाणी आलं की मलाच शिव्या देशील, जमत नसेल तर दुसरी खोली बघ. स्लॅबची खोली माझ्या पगारात बसत नाही. सुपरवायझरला विचारलं की आमची म्हातारी दुपारी पॅकिंग हॉलमध्ये कोपऱ्यात बसली तर चालेल का, तो हसला, म्हणाला तिला शून्य डिग्रीत ठेवतो, एक्स्पोर्ट करायची का? वाईट माणूस नाही तो, पण काय करणार. मी दिवसभर बेदाण्याला थंडी वाजेल अशा जागी बसतो आणि माझ्या माणसाला ठेवायला माझ्याकडं गार जागा नाही. लताताईंच्या सासूला परवा चक्कर आली. बाळंतिणीच्या पोराच्या अंगभर घामोळं आहे. आम्ही सगळे रोज सकाळी आभाळाकडं बघतो आणि कामाला जातो, दुसरं काय.

फोनवर फुई दोन मिनिटांत म्हणते, बरं, ठेव, बिल येईल. पत्र तिला आवडतं. नाशिकला नवीन असताना मी लिहायचो ती सगळी पत्रं तिनं बिस्किटाच्या डब्यात ठेवलीत, कुणाकडून तरी परत परत वाचून घेते. म्हणून परवा मी पत्रच लिहिलं. आता वहिनी ते सगळ्या घरासमोर वाचणार, गावात व्हायचं ते होईल. त्याची नक्कल माझ्याकडं आहे, ती तशीच उतरवून घ्या, माझं सांगणं संपलं.

तीर्थरूप फुईस,

संदूचा साष्टांग नमस्कार.

वैशाली वहिनी, हे पत्र फुईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मध्ये थांबू नका, तिला थांबलेलं आवडत नाही.

फुई, तू विचारतेस कधी न्यायला येणार. मी ह्या उन्हाळ्यात येत नाही. तू येऊ नकोस. कुणी गाडीनं नाशिकला येत असलं आणि चल म्हणालं तरी येऊ नकोस. तुझ्यासाठी पंखा आहे, पण पंखा गरम हवाच फिरवतो. खोलीच्या फटी मोकळ्या केल्या आहेत, तरी तू पहिल्या दिवशी हात धरून सांगितलं होतंस तेच खरं आहे.

दुसरं असं की त्या दिवशी कडी तू लावली नव्हतीस. मी लावली होती, बाहेरून. डॉक्टरबाईंसमोर तू खोटं बोललीस आणि मी बोलू दिलं. तू विसरली असशील तर हे पत्र जपून ठेव आणि कुणी विचारलं तर दाखव. विसरली नसशील तर मला रागव. तू एकदाही रागवली नाहीस, त्यामुळं मला झोप लागत नाही.

पाऊस पडून गारवा झाला की मी येतो. तुला चार महिने घेऊन येईन, उन्हाच्या आधी परत आणून सोडीन. एवढंच माझ्या हातात आहे. तू मला एवढं शिकवलंस आणि माझ्या हातात एवढंच आलं.

पाणी पीत जा. संडास घराजवळ आहे, लाजू नकोस. चाळीच्या सावलीलाच झोप. आणि चाळीची मागची बाजू बंद करू देऊ नकोस कुणाला.

तुझा,
संदू